मूल्यमापन समाजाच्या हाती: ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल कौटुंबिक हिंसा सेवांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य किंवा डेटा विश्लेषणाच्या कामासाठी ऑस्ट्रेलियात गेलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी ॲबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थांबरोबर काम करावं लागतं. त्यांना पडणारे आणि इकडे आदिवासी भागात स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

समाजाच्या नेतृत्वाखालचं मूल्यमापन म्हणजे नेमकं काय?

चार गोष्टी तपासा. प्रश्न कोण ठरवतं? यश कशाला म्हणायचं हे कोण ठरवतं? गोळा झालेली माहिती कोणाच्या ताब्यात राहते? आणि अहवाल छापण्याआधी शेवटचा शब्द कोणाचा? या चारही ठिकाणी ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजाचा अधिकार असेल, तर मूल्यमापन त्यांच्या हाती आहे. सल्लागार समितीवर दोन एल्डर म्हणजे समाजाने मानलेले ज्येष्ठ घेतले, पण कंत्राट, प्रश्नावली आणि डेटा सरकारी खात्याकडेच राहिला, तर ती फक्त सल्लामसलत झाली.

बाहेरच्या तज्ज्ञांना यात जागा असते. आकडेशास्त्र, लेखन, प्रशिक्षण ही कामं ते करतात, पण समाजाने नेमलेले म्हणून, आणि समाजाला उत्तरदायी राहून.

बाहेरच्या स्वतंत्र संस्थेने मूल्यमापन केलं तर काय बिघडतं?

लोक खरं बोलत नाहीत, आणि त्यामागे सबळ कारणं आहेत. विसाव्या शतकात पिढ्यान्‌पिढ्या ॲबोरिजिनल मुलं घरांतून उचलून नेली गेली. आजही सरकारी काळजीव्यवस्थेत ठेवलेल्या मुलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट समाजांतली आहेत, आणि देशातल्या एकूण मुलांत त्यांचा वाटा साधारण ६ टक्के आहे. वही घेऊन आलेल्या माणसाला ‘घरात मारहाण होते’ असं सांगितलं तर पुढे मूल जाऊ शकतं, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं.

दुसरं कारण २००७ सालचं. मुलांवरच्या अत्याचारांच्या एका चौकशी अहवालानंतर केंद्र सरकारने देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात ‘आणीबाणी हस्तक्षेप’ जाहीर केला. त्यासाठी १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याच्या तरतुदी बाजूला ठेवल्या आणि वस्त्यांमध्ये लष्कराची मदत घेऊन पथकं पाठवली. अहवालाने मागितलेली भागीदारी राहिली बाजूला. ‘आमच्याबद्दल काही लिहून गेलं की त्याचा वापर आमच्यावर होतो’ ही समजूत अशा अनुभवांतून पक्की झाली आहे. मूल्यमापक कितीही सज्जन असला तरी त्याला या पार्श्वभूमीवरच काम करायचं असतं.

इथे ‘कौटुंबिक हिंसे’त काय काय येतं?

नवरा-बायको किंवा जोडीदारापुरता हा विषय मर्यादित नाही. काका, मावश्या, चुलत-मावस भावंडं, आजी-आजोबा, मानलेली नाती हे सगळं कुटुंब. ज्येष्ठांचे पैसे बळकावणं, तरुण नातेवाइकांनी आजीला धमकावणं, घराण्यांमधली भांडणं, परंपरेपासून तोडणं हेही त्यात धरलं जातं. नोंदणीचा फॉर्म फक्त ‘जोडीदार’ एवढाच पर्याय देत असेल, तर नातवाच्या त्रासामुळे आलेली आजी ‘इतर’ या रकान्यात जाते आणि विश्लेषणातून गायब होते. मूल्यमापन सुरू करण्याआधी हे फॉर्म बघावेत.

कोणत्या दस्तऐवजांचा आधार घ्यावा?

पाच पुरेसे आहेत. जुलै २०२० चा ‘क्लोजिंग द गॅप’ म्हणजे ‘दरी मिटवण्याचा’ राष्ट्रीय करार: त्यातलं १३ वं उद्दिष्ट म्हणजे २०३१ पर्यंत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट स्त्रिया व मुलांवरची हिंसा किमान ५० टक्क्यांनी कमी करणं. याच करारात समाजाच्या ताब्यातल्या संस्था बळकट करण्याचं आणि स्थानिक पातळीवरचा डेटा समाजाला देण्याचं वचन सरकारांनी दिलं आहे. निधी देणाऱ्याशी बोलताना या वचनाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेने मांडलेलं मूल्यमापन धोरण दुसरं. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट समाजांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था एयाट्सिस, तिची २०२० ची संशोधनाची आचारसंहिता तिसरी. तिची चार तत्त्वं आहेत: स्वयंनिर्णय, नेतृत्व, परिणाम व मूल्य, आणि शाश्वतता व उत्तरदायित्व. चौथा, राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०१८ चा मार्गदर्शक. पाचवा व्हिक्टोरिया राज्याचा ‘धेल्क ज्या’ हा ॲबोरिजिनल कौटुंबिक हिंसेबद्दलचा २०१८ ते २०२८ चा करार. त्याखाली ११ प्रादेशिक कृती गट आहेत आणि देखरेख, मूल्यमापन व उत्तरदायित्वाची स्वतंत्र योजना आहे. दुसऱ्या राज्यात काम करत असाल तरी रचना कशी असते हे समजून घ्यायला हा करार वाचावा.

काम कुठून सुरू करायचं?

फॉर्म आणि मुलाखती नंतर. आधी अधिकार कोणाकडे आहेत ते लिहून काढा. समाजातल्या चार ते आठ जणांचा सुकाणू गट, त्यात सेवेचा अनुभव घेतलेल्या स्त्रिया, एल्डर आणि सेवा देणारे कर्मचारी. एकाच घराण्याचे सगळे नकोत. काही विषय फक्त स्त्रियांचे आणि काही फक्त पुरुषांचे मानले जातात, म्हणून दोन वेगळ्या बैठकांची सोय सुरुवातीपासून हवी. जावई आणि सासू यांनी एकमेकांसमोर न बोलण्याची रीत बऱ्याच समाजांत आहे. त्या दोघांना एका खोलीत बसवलं तर दोघंही गप्प राहतील आणि तुम्हाला कारण कोणी सांगणार नाही.

मग हा गट ठरवतो की आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे. प्रश्न पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका. त्यानंतर लेखी करार करायचा: डेटा कुठे राहील, कोण बघेल, मतभेद झाला तर काय, काम अर्धवट सोडावं लागलं तर कागदपत्रांचं काय. कराराशिवाय पहिली मुलाखत घेऊ नये.

नैतिक मंजुरीला किती वेळ लागतो?

तीन ते सहा महिने धरा. आरोग्यविषयक कामासाठी न्यू साउथ वेल्समध्ये आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल समाजांच्या स्वतंत्र आचार समित्या आहेत. विद्यापीठाच्या समितीबरोबर त्यांचीही मंजुरी लागू शकते. अर्ज अडतो तो बहुतेक दोन कारणांनी: समाजाच्या पाठिंब्याचं पत्र मोघम असतं, किंवा बाई बोलता बोलता कोसळली तर त्या क्षणी कोण मदत करणार याचं नाव-गावासकट उत्तर नसतं.

माहिती गोळा करायला ‘यार्निंग’ वापरतात म्हणजे गप्पा मारतात का?

गप्पांसारखं दिसतं, पण त्याला शिस्त आहे. डॉन बेसराब आणि ब्रिजेट एन्गांडू यांनी २०१० मध्ये त्याची मांडणी केली आणि चार प्रकार सांगितले. पहिला ओळखीचा यार्न: तू कुठली, तुझे लोक कोण, माझे कोण. हा भाग घाईत उरकला की पुढचं सगळं कोरडं येतं. दुसरा विषयाचा यार्न, ज्यात ठरलेल्या प्रश्नांभोवती बोलणं फिरतं, पण वाट सांगणारीची असते. तिसरा सहविचाराचा, म्हणजे दोघी मिळून अर्थ शोधतात. चौथा उपचाराचा: बोलताना जखम उघडते, तेव्हा संशोधन बाजूला ठेवून फक्त ऐकायचं. या चौथ्या भागातलं काहीही अहवालात घ्यायचं नाही, जोपर्यंत ती स्वतः नंतर शांतपणे परवानगी देत नाही.

व्यवहारात एका यार्नला दीड ते दोन तास लागतात आणि दिवसाला दोनपेक्षा जास्त घेऊ नयेत. ऐकणाऱ्यावरही ओझं येतं. विशेषतः समाजातल्याच संशोधक बाईवर, कारण ऐकलेल्या गोष्टीतला मारणारा तिचा भाऊही असू शकतो. तिच्यासाठी नियमित समुपदेशन पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

मग प्रश्नावली वापरायचीच नाही का?

वापरता येते, पण ‘हो की नाही’ या साच्यातले प्रश्न फसवतात. भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी दाखवून दिलं की अधिकारातल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला अनेक ॲबोरिजिनल लोक ‘हो’ म्हणतात, पटलं म्हणून नव्हे, संभाषण सुरळीत राहावं म्हणून. ‘सेवा उपयोगी वाटली का?’ या प्रश्नाला ९५ टक्के ‘हो’ येतं आणि निधी देणारा खूश होतो. त्या आकड्यात काहीच नसतं. त्याऐवजी ‘इथे यायच्या आधी आणि आता, काय बदललं ते सांग’ असं विचारा. मग थांबा. शांतता म्हणजे उत्तर नाही असं समजून पुढचा प्रश्न टाकू नका, तिचा विचार चालू असतो.

मध्य आणि उत्तर ऑस्ट्रेलियात इंग्रजी ही अनेकींची तिसरी-चौथी भाषा आहे. दुभाषी लागतोच, आणि तो मारणाऱ्याच्या नात्यातला नाही ना हे आधी विचारावं लागतं.

भाग घेणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता कशी सांभाळायची?

या एका बाबतीत तडजोड चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये दिलेले सुरक्षानियम इथेही लागू पडतात. एका घरातून एकच बाई. अभ्यासाला बाहेर सांगायचं नाव साधं ठेवा, ‘कुटुंबांचं आरोग्य आणि सेवा’ असं. खरा विषय तिला एकटीला सांगायचा. कोणत्या फोनवर, कोणत्या वेळी बोलायचं हे तिने ठरवायचं. व्हॉइसमेल ठेवायचा नाही. कोणी अचानक आत आलं तर बोलणं दवाखान्यातल्या रांगेकडे वळवायचं, हे आधीच ठरलेलं असावं.

नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. संस्थेचा लोगो असलेली गाडी घरासमोर उभी राहिली की गावाला कळतं. मानधन म्हणून दिलेलं दुकानाचं कार्ड जोडीदाराच्या हाती लागलं तर ‘हे कुठून आलं’ हा प्रश्न येतो. संमतीपत्राची प्रत तिच्या पिशवीत सापडते. म्हणून पैसे कसे हवेत आणि कागद हवा की नको हे तिलाच विचारा, तोंडी संमतीची सोय ठेवा.

मुलाखत घेणारी व्यक्ती तिला सेवा देणारी नसावी, नाही तर खरं बोलल्यास आसरा जाईल अशी भीती राहते. संकट ताजं असताना तर मुलाखत नकोच. थांबायचं किती हे सेवेतल्या अनुभवी कार्यकर्त्या सांगतात, त्यांचं ऐका.

‘सगळं गोपनीय राहील’ असं सांगावं का?

कधीच नाही. नॉर्दर्न टेरिटरीत २००९ पासून कायदा आहे की गंभीर शारीरिक इजा झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे, किंवा जिवाला गंभीर धोका आहे असं वाजवी कारणांवरून वाटलं, तर कोणत्याही प्रौढ व्यक्तीने पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुलांवरच्या अत्याचाराबाबतही तिथे प्रत्येकावर बंधन आहे. इतर राज्यांत कोणाला कळवावं लागतं याची यादी वेगवेगळी आहे. पितजंतजतजारा आणि शेजारच्या भाषा बोलणाऱ्या स्त्रियांची एनपीवाय विमेन्स कौन्सिल तर पश्चिम ऑस्ट्रेलिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात तिथे साडेतीन लाख चौरस किलोमीटरवर काम करते. तिथे एकाच कुटुंबाला तीन कायदे लागू शकतात.

त्यामुळे बोलणं सुरू होण्याआधी साध्या भाषेत सांगा: हे हे सांगितलंस तर मला कळवावं लागेल, बाकीचं माझ्याकडे राहील. काही जणी त्यानंतर कमी बोलतील. ते मान्य करा. फसवून मिळवलेल्या माहितीपेक्षा ती निवड तिच्याकडे राहणं महत्त्वाचं.

पोलिसांकडच्या तक्रारी कमी झाल्या तर कार्यक्रम यशस्वी, बरोबर?

बहुतेक वेळा उलट. चांगली सेवा सुरू झाली की पहिल्या एक-दोन वर्षांत तक्रारी वाढतात, कारण विश्वास वाढतो. आकडा घसरला तर मार खाणारीवरच गुन्हा दाखल झाल्याचा अनुभव आल्याने बायकांनी फोन करणं सोडलं, असंही असू शकतं. स्वतःला वाचवताना प्रतिकार करणाऱ्या ॲबोरिजिनल स्त्रीलाच पोलिसांनी ‘मारणारी’ ठरवणं हा ऑस्ट्रेलियातला नोंदवला गेलेला, गंभीर प्रश्न आहे.

म्हणून आकडे एकेकटे वाचू नका. तक्रारींबरोबर त्यांची तीव्रता, पुन्हा त्याच घरी किती वेळा जावं लागलं, मदत मागितल्यापासून मिळेपर्यंत किती तास गेले, मुलं आईजवळ राहिली का, हे एकत्र बघा. आणि समाजाच्या सुकाणू गटाने सुचवलेले निकष त्याच तक्त्यात बरोबरीने ठेवा: रात्री झोप लागते का, नातेवाइकांच्या अंत्यविधीला भीतीशिवाय जाता येतं का, मुलं आपल्या भूमीवर परत गेली का.

यासाठी श्रेणीपट उपयोगी पडतो. डेटा गोळा करण्याआधीच गट बसून ठरवतो की प्रत्येक निकषावर ‘उत्तम’, ‘पुरेसं’ आणि ‘कमी पडतं’ म्हणजे काय दिसेल. दोन दिवस लागतात आणि वाद होतात. ते वाद होऊ द्या; कार्यक्रम कशासाठी आहे हे त्यातच स्पष्ट होतं. निकाल आल्यावर श्रेणी ठरवली तर कोणीही हवं ते सिद्ध करू शकतो.

तुलनेसाठी सेवा न मिळणारा ‘नियंत्रण गट’ का ठेवत नाहीत?

धोक्यात असलेल्या बाईला चिठ्ठी टाकून सेवेपासून दूर ठेवता येत नाही. शिवाय लोक नात्यांमुळे वस्त्यांमध्ये सतत ये-जा करतात, त्यामुळे ‘सेवा नसलेली’ वस्ती तशी राहतही नाही. निधीअभावी सेवा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वर्षी सुरू होणार असेल, तर त्या क्रमाचा तुलनेसाठी वापर करता येतो.

मारणाऱ्या पुरुषांच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन कसं करायचं?

पुरुषाचं स्वतःचं मत पुरावा म्हणून कधीच पुरेसं नाही. जोडीदाराला, तिची इच्छा असेल तर, वेगळ्या कार्यकर्तीमार्फत, वेगळ्या दिवशी विचारायचं, आणि तिने सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही अशी फाइलव्यवस्था हवी. तो भाषा शिकतो, ‘मी रागावर ताबा ठेवतो’ म्हणायला लागतो. घरात मात्र धाक, पैशांवरचा ताबा आणि फोन तपासणं चालू राहतं. पुरुषाने किती सत्रं पूर्ण केली हा आकडा हजेरीपलीकडे काहीच सांगत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या टाउन कॅम्प म्हणजे ॲबोरिजिनल वस्त्यांमध्ये टँगेनटिअर कौन्सिल या संस्थेकडे पुरुषांचा कार्यक्रम आणि स्त्रियांचा कुटुंबसुरक्षा गट दोन्ही आहेत. बायकांचं म्हणणं जवळ असेल तरच पुरुषांच्या कामाला धार राहते.

तीनशे लोकांच्या वस्तीत ओळख लपवायची कशी?

नाव काढून टाकून काही साधत नाही. ‘शाळेत काम करणारी, तीन मुलांची आई’ एवढं पुरे होतं. वय, काम, मुलांची संख्या यातलं एकाहून अधिक कधीही एकत्र देऊ नका. तक्त्यात ५ पेक्षा कमी संख्या झाकतात, पण एकूण बेरीज आणि बाकीचे रकाने तसेच ठेवले तर झाकलेला आकडा वजाबाकीने निघतो. म्हणून दुसराही एखादा रकाना झाकावा लागतो. उद्धरण छापण्याआधी ते तिला परत वाचून दाखवा. भाग घेणारी व्यक्ती नंतर वारली, तर तिचे शब्द, आवाज किंवा फोटो वापरण्याआधी कुटुंबाला पुन्हा विचारावं लागतं.

डेटा कोणाच्या मालकीचा?

समाजाचा. मूळ रहिवाशांच्या डेटावरच्या हक्कासाठी काम करणाऱ्या मायाम नाइरी विंगारा या गटाने ऑस्ट्रेलियात ही भूमिका ठामपणे मांडली, आणि २०१९ पासून जगभर ‘केअर’ तत्त्वं वापरली जातात: सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीती. कंत्राटात मात्र बहुधा ‘सर्व सामग्री निधी देणाऱ्या खात्याच्या मालकीची’ असं छापील कलम असतं. सही करण्याआधी ते बदलून घ्या. नंतर बदलत नाही. कच्च्या मुलाखती समाजाच्या संस्थेकडे, खात्याला फक्त एकत्रित निष्कर्ष, अशी मांडणी मागता येते.

किती पैसे आणि किती वेळ लागतो?

मूल्यमापनाला कार्यक्रमाच्या खर्चाच्या ५ ते १० टक्के ठेवायची साधारण रीत आहे. दुर्गम भागात ते पुरत नाही: लांबचा प्रवास, दुभाषी, समाजातल्या संशोधकांचा पूर्ण पगार, एल्डरचं तासाप्रमाणे मानधन, आणि निष्कर्ष घेऊन परत जायची एक फेरी. ही शेवटची फेरी पैसे संपले की सर्वात आधी रद्द होते, आणि समाजाचा विश्वास तिथेच तुटतो.

वेळ १८ ते २४ महिने. उत्तरेकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाने रस्ते बंद पडतात. कोणी वारलं की शोकविधी संपेपर्यंत सगळी कामं थांबतात, थांबायलाच हवीत. १२ महिन्यांचं कंत्राट घेतलं तर नात्यांसाठीचे पहिले तीन-चार महिने कापले जातात आणि उरलेलं काम पोकळ होतं.

समाजातलेच लोक मूल्यमापन करणार, तर हिंसा झाकली जाणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. घराण्यांचा दबाव असतो, समितीवर मारणाऱ्याचा नातेवाईक असू शकतो. त्यावर उपाय नियमांतच हवा: हितसंबंध जाहीर करणं, स्त्रियांची स्वतंत्र बैठक, प्रतिकूल निष्कर्ष समाजापुढे ठेवण्याची ठरलेली पद्धत. पण हेही लक्षात घ्यावं की या हिंसेबद्दल सर्वात आधी, सर्वात मोठ्याने बोलल्या त्या ॲबोरिजिनल स्त्रियाच. या हिंसेमुळे इस्पितळात दाखल होण्याचं त्यांचं प्रमाण इतर स्त्रियांच्या तीसपटीच्या आसपास आहे. झाकण्यात त्यांचं कोणतंही हित नाही.

कार्यक्रम उपयोगी नाही असं निघालं तर?

आधी सुकाणू गट, मग संस्था, मग समाज, सर्वात शेवटी निधी देणारा, या क्रमाने सांगा. कार्यक्रमाची कल्पना चुकली, की माणसं आणि घरं पुरवली नाहीत म्हणून तो कोलमडला, हे वेगळं करून लिहा. आसऱ्यात जागा नाही म्हणून बाई परत गेली, तर ते समुपदेशनाचं अपयश नाही. सोपी आवृत्ती स्थानिक भाषेत ध्वनिमुद्रित करून द्या.

महाराष्ट्रात यातलं काय घेता येईल?

ऑस्ट्रेलियाचा इतिहास वेगळा आहे, तो इथे चिकटवू नये. पण अधिकारांचा करार, प्रश्न ठरवण्याची बैठक आणि सुरक्षेचे नियम मेळघाटात किंवा नंदुरबारमध्येही लागतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची सर्वसहमतीची ग्रामसभा आणि अभ्यासगट हा आपल्याकडचा आधार आहे. कौटुंबिक हिंसेच्या बाबतीत मात्र ग्रामसभेआधी बायकांची बंद दाराआडची बैठक घ्या. गोंडी, कोरकू, भिली बोलणारी संशोधक गावातूनच निवडा आणि तिला पगार द्या.

कामाच्या दरम्यान कोणाला तातडीची मदत लागली तर?

ऑस्ट्रेलियात जिवाला धोका असेल तर ०००. कौटुंबिक व लैंगिक हिंसेसाठी १८००रिस्पेक्ट, क्रमांक १८०० ७३७ ७३२. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट समाजांतलं माणूस फोनवर हवं असेल तर १३यार्न, क्रमांक १३ ९२ ७६. तिन्ही चोवीस तास चालू असतात. हे क्रमांक बाईला कागदावर देऊ नका. तिला पाठ होतात का बघा, किंवा तिच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या नावाने फोनमध्ये साठवा.